राजेश्वरीची दुसरी नळी

ती. आईस,
शिवतेजचा वाकून नमस्कार.

फोनवर बोललो तर राजेश्वरीला ऐकू जातं, म्हणून सांगलीच्या दवाखान्यातनं ही चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरकडं देतोय.

पित्ताशय काढल्यावर तिची पित्ताची वाट आवळली होती. ती उघडी ठेवायला दुर्बिणीतून घातलेली नळी आता तुंबली. डोळे परत पिवळे झालेत, हुडहुडी भरती. परवा तोंडावाटेच नळी बदलणार, पोट फाडायचं न्हाई. तू काळजी करू नको.

बाळी वरचं दूध पिती का? तिच्या आईला, राजेश्वरीला, शोधती का?

मी राजेश्वरीला म्हटलं, "आता लय सोपं हाय."

ती म्हणाली, "मग माझ्या दादाला कराडास्नं कशाला बोलावलं?"



बाळीला घेऊन तू उद्याच ये.

तुझा,
शिवतेज