कासरा धरलेला हात

बाबा, तुमच्या बैलाचा फोटो आज सकाळी मी भिंतीवरून उतरवला. दिव्यासमोर वाईट बोलू नये म्हणून तेव्हा गप्प राहिलो. आता ओटीवर बसून लिहितोय, आता बोलतो.

म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेतला तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. बैलाचं काही तुम्ही कधी विसरला नाहीत. मी आठ-नऊ वर्षांचा. पांढरा बैल घेतल्याच्या खुशीत तुम्ही फोटोवाल्याला बोलावलंत. आई पहाटेपासून चाललेली, डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं. ती बैलाशेजारी उभी राहते, पदर सारखा करते, आणि तुम्ही ओरडता, "बाजूला हो गो, खांदा झाकतेस त्याचा." फोटोवाला भला माणूस. म्हणाला, "वहिनींना पण घ्या की." त्यावर तुम्ही म्हणालात, "तिचा कशाला? तिला काय विकायची हाय?" सगळी माणसं हसली. आईसुद्धा पदराआड हसली, ते मला जास्त लागलं. बैल बुजत होता म्हणून कासरा तेवढा तिच्या हातात दिलात. फोटोत तुम्ही, बैल, आणि कडेला मनगटापर्यंत एक हात, बांगड्यांचा. बैल गेला, मग तुम्ही गेलात, त्यालाही वीस वर्षं झाली. फोटो मात्र देवांच्या शेजारी राहिला.

तीन वर्षांपूर्वी आई गेली, तर हार घालायला फोटो नाही. तिचं मतदान कार्ड घेऊन शहापूरच्या एका स्टुडिओत गेलो. तिथल्या बाईने नखाएवढा चेहरा मोठा केला आणि कुणाच्या तरी भरजरी शालूवर बसवला. आईने जन्मात अंगाला न लावलेला शालू, गळ्यात सोन्याचा हार, आणि वर पेजेसारखा पसरलेला चेहरा. तेराव्याला मावशी, तिची सख्खी बहीण, त्या फोटोसमोर उभी राहिली आणि मला विचारते, "ही कोन रे?"

मी स्टुडिओत भांडायला गेलो. बाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, मोबाइल खिशात असतो ना तुमच्या? मग?"  फोटो कसा काढायचा तेही तिनेच सांगितलं, आधी कॅमेऱ्याची काच पुसा, तिला बोटांचं तेल लागलेलं असतं. लांबून बोटांनी ओढून जवळ आणू नका, चार पावलं चालत जा. माणसाला दारात बसवा, उजेड तोंडावर पडू दे. उभ्याने वरून काढू नका, खाली बसा, डोळ्याला डोळा येऊ दे. परतीच्या वाटेवर एकेक गोष्ट आठवत होतो आणि तुमचाच राग येत होता. चार पावलं! जन्मभर एका घरात राहून तुम्ही तिच्याकडे तेवढी चालत गेला नाहीत.

तेव्हापासून शिकलो. म्हातारी माणसं मला बोलावून फोटो काढून घेतात, मी त्यांच्यासमोर उकिडवा बसतो. काल बायकोला दारात बसवलं. "आता या वयात माझी हिरॉइन करताय का?" म्हणून ती हसली. मी धोतराच्या जुन्या तुकड्याने काच पुसत होतो. ते बघून ती म्हणाली, "आईंचा एक तरी काढलात का असा?"

मी चिडलो. "तेव्हा मला येत नव्हतं."

"गाडीचे तर झ्याक आलेत."

ती आत गेली. मी मोबाइल उघडला. आई जायच्या आदल्या दसऱ्याला मोटरसायकल घेतली होती, तिचे चाळीसेक फोटो. झेंडूचा हार, चकचकीत टाकी, स्पष्ट नंबर. एकाच फोटोत कडेला ओवाळणीचं ताट दिसतं, आणि ते धरलेला मनगटापर्यंतचा हात. मी काय म्हणालो होतो ते आठवलं. "आई, जरा मागे हो, नंबर दिसत नाय."

ती हसून मागे झाली होती.

हे पत्र वहीतच राहील. घरात मी सांगितलंय की तुमच्यावरच्या रागाने बैलाचा फोटो उतरवला. ते खरं नाही. मी काढलेला गाडीचा फोटो त्याच्याशेजारी धरला तर दोन्ही हात एकाच बाईचे आहेत हे कुणालाही ओळखू येईल, म्हणून उतरवला.