कॅनवरचा हात

पूर्णा, ता. भिवंडी
मंगळवार, २८ नोव्हेंबर २००६

प्रिय दादा,

नमस्कार. तनयावहिनीलाही सांग. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, पण तसं काही नाही. फोन केला की माझा आवाज ऐकून तू ठेवून देतोस. चिठ्ठी निदान फाडायच्या आधी वाचशील.

माझं लग्न ठरलंय हे तुला वापीला कळलंच असेल. मुलगा शेलार गावचा, नाव भाविक. स्वभावाने गरीब आहे, माझ्यासमोर टिकेल की नाही देव जाणे. रविवारी हळद, सोमवारी लग्न. गोडाऊनच्या आवारातच मांडव घातलाय. घरात पाहुणे, अंगणात बँजोवाले येऊन जागा बघून गेले, आणि नवरी मुलगी काय करतेय, तर अ‍ॅसिडच्या भानगडी निस्तरतेय.

तू जाताना धंदा माझ्या नावावर करून मोकळा झालास. म्हणालास, सही तेवढी तुझी, बाकी बाबा बघतील. बाबा काय बघतात ते मी बघतेय.

ऐक. रंगाईवाल्यांसाठी फॉर्मिक अ‍ॅसिड मागवलं होतं, तुझ्याच त्या चीनच्या पार्टीकडून. न्हावाशेवाला कस्टमने अडवलं. आधी म्हणे सुरक्षेच्या कागदावर कंपनीचा शिक्का नाही. तो मागवला तर कॅनवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळेना. तो जुळवला तर नमुना लॅबला पाठवला, आणि लॅबवाले काही बोलेनात. शेवटी सुश्रुतने साहेबाच्या हातापाया पडून माल सोडवून आणला. अट एवढीच, की रिपोर्ट येईपर्यंत माल आपल्या गोडाऊनमध्ये जसाच्या तसा राहील. विकायचा नाही, उघडायचा नाही, कॅनवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांना धक्का लावायचा नाही. त्याची हमी सुश्रुतने दिली. क्लिअरिंगचं काम त्याचं असलं तरी ही हमी द्यायची त्याला काही गरज नव्हती. वहिनीचा भाऊ म्हणून दिली.

शुक्रवारी तपासणीला साहेब आला, तर समोरच्या एकाही कॅनवर चिठ्ठी नाही. नुसते निळे कॅन. बाजूला आपला पेरॉक्साइडचा माल, त्याचेही कॅन निळेच. साहेबाने मला विचारलं, यातलं अ‍ॅसिड कुठलं ते दाखवा. काय दाखवू? झाकण उघडून वास घ्यायला सांगू त्याला?

झालं असं, की मागच्या आठवड्यात मांडवाच्या दिवशी आलेल्या बायकांपैकी कोणीतरी त्या कॅनवर हळदीचे पंजे उठवले. बरोबर चिठ्ठ्यांवर. चिठ्ठीवरचं ते धोक्याचं चित्र तुला आठवत असेल, नळीतून थेंब पडतोय आणि खाली हात खाऊन टाकलाय. लग्नघरात असलं चित्र नको म्हणून कोणीतरी झाकलं. एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. सुश्रुतने गुरुवारी फोन करून सांगितलं, उद्या साहेब येतोय. मी शेलारला साड्या द्यायला गेलेले. बाबांनी हुशारी केली. गोडाऊनवरच्या मोरूला पाइप आणि ब्रश देऊन सगळे कॅन साबणाने घासून काढायला लावले. हळद तर निघालीच नाही नीट, चिठ्ठ्या मात्र लगदा होऊन गटारात गेल्या.

आणि साहेबासमोर बाबा म्हणतात, माल असाच आला. मी मान खाली घातली. मागच्या रांगेतला एक कॅन घासायचा राहिला होता, त्यावर अख्खा पंजा होता. साहेब तिथे वाकला आणि म्हणाला, "शेठ, चायना में भी हल्दी लगाते हैं क्या?" हसू की रडू तेच कळेना. मग बाबांनी बोट दाखवलं सुश्रुतकडे. "याच्या मानसांनी उतरवला माल. काय केला त्यांनी, आमाला काय म्हाईत."

सुश्रुतने नुसतं माझ्याकडे बघितलं.

आता गुरुवारी मला लेखी खुलासा द्यायचाय. बाबा म्हणतात, सुश्रुतचं नाव लिही. ते लिहिलं की त्याचा कस्टमचा पास रद्द, म्हणजे धंद्यातून कायमचा उठला तो. हे बाबांना मी तीनदा सांगितलं. त्यावर काय म्हणाले माहितीये? "त्या घराने माझा पोरगा नेला. त्यांचा पन जाऊ दे कायतरी." आणि खरं लिहिलं तर दंड आपल्याला आणि पुढचा सगळा माल कस्टमच्या नजरेत. लग्न तोंडावर आलंय आणि घरात माझ्याशी कोणी धड बोलत नाही. मला सगळ्यांचा संताप आलाय, दादा. बाबांचा, साहेबाचा, त्या लॅबवाल्यांचा, आणि तुझा सर्वांत जास्त. पसारा मांडलास तू आणि वापीला जाऊन बसलास.

पाहुणे आलेत. उठते.


बुधवार, दुपार

कालची चिठ्ठी पेटीत टाकली नाही, बरं झालं. वाचून बघितली. "बायकांपैकी कोणीतरी" असं काय लिहिलंय मी, लाज वाटली. तो पंजा तू पाहिला असतास तर तुला विचारावंच लागलं नसतं. चार बोटं पूर्ण आणि करंगळी अर्धी. भात कापताना गेलेली.

साहेब वाकला तेव्हा आम्हा सगळ्यांना ते दिसलं. बाबांना, मला, दारात उभ्या असलेल्या तुळशीरामकाकांना. एकहीजण बोलला नाही. आणि तुला तरी का कळवायचं, असंच काल माझ्या मनात होतं. तू आधीच आईवर चिडलेला. म्हणशील, त्या बाईने माझं लग्न नासवलं, आता धंदा नासवला.

शुक्रवारपासून आई धड जेवत नाहीये. काल संध्याकाळी मी टेबलावर कागद घेऊन बसले तर समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "लिव."

म्हटलं, काय लिहू?

"माझा हात हाय म्हनून लिव. पोरीचे मांडवान तो सरका, खाल्लेला हात मना बघवला न्हाय. मी झाकला. त्या पोराचा काय गुन्हा?"

बाबा आतून ओरडले, सीता, गप्प बस. ती गप्प बसली नाही. आयुष्यात पहिल्यांदा बसली नाही, दादा. म्हणाली, "हितेशचे वक्ताला गप बसले. आता न्हाय."

मी खुलासा लिहिला. पंजे आईने लावले, चिठ्ठ्या वडिलांनी धुतल्या, सुश्रुतचा आणि त्याच्या माणसांचा संबंध नाही. खाली माझी सही. आईला म्हटलं, तू अंगठा दे. तर म्हणाली अंगठा कशाला, साहेबाने अख्खा हात बघितलाय. वाटीतल्या हळदीत हात बुडवला आणि कागदावर ठेवला. कस्टमच्या फाइलीत असला कागद आधी गेला असेल असं मला वाटत नाही. उद्या मी आणि आई मिळून तो द्यायला जाणार. बाबांनी गाडी देणार नाही म्हणून सांगितलंय. मानकोली नाक्यापर्यंत रिक्षाने जाऊ, पुढचं पुढे.

आता खरं काय ते सांगते, ज्यासाठी कालपासून एवढी पानं खरडली. ओटीवरची भिंत तुला आठवते, घरातल्या लग्नांचे हळदीचे पंजे असतात ती. मांडवाच्या दिवशी आईने माझ्या लग्नाचे पंजे उठवले, आणि बाजूला तुझी जागा तशीच कोरी ठेवली. मी विचारलं, इथे का नाही लावत? म्हणाली, त्याची हाय ती. तू कोर्टात लग्न करून तनयावहिनीला घेऊन दारात आलास तेव्हा बाबांनी दार लावलं, आणि ती मागे हळदीची वाटी घेऊन उभी होती. मी बघितलं होतं. तुला कोणी सांगितलं नाही. तू समजून चाललास की तिने हात आखडला.

काल कागदावर हात ठेवून झाल्यावर ती तशीच बसून राहिली. हात धुवायला उठेना. मग म्हणाली, "आजून हलद हाय हातान. हितेशला चिठ्ठी लिवतेस ना, तो कागद इकरं दे."

रविवारी हळदीला ये. वहिनीला घेऊन ये, सुश्रुतलाही मी बोलावलंय. बाबा दार लावतील तर लावू देत, मांडव बाहेर आहे.

मागच्या पानावर जे आहे त्यात काही वाचायचं नाही. तुझ्याशी तिला जे बोलायचंय ते सगळं त्यात आलं. हळद वाळेपर्यंत मी घडी घातलेली नाही.

तुझी वाट बघणारी,
उन्नती
आणि मागे, आई