काकांची खुंटी आणि माझं चौथं प्रकरण

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या वेंधळीचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरला आहे, त्यामुळे तूर्त आठापैकी सहाच अंगांनी. उरलेली दोन उधार.) डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? शेजारीण घालून देते म्हणालीस, पण ती बोलता बोलता थेंब गालावर सोडते हे मी स्वतः पाहिलं आहे, तेव्हा तिला आधी गप्प कर आणि मग वर बघ. इकडे आम्ही मजेत. आमचे हे नेहमीसारखेच, म्हणजे चष्मा कपाळावर आणि घरभर चष्म्याचा शोध.

माझं पुस्तक तुला पोचलं तेव्हा तू फोनवर म्हणालीस, 'चांगलं जाड आहे, मागचं दार वाऱ्यानं आपटायचं ते आता आपटत नाही.' आत्या, नऊ वर्षं घालवली गं मी त्या पुस्तकावर! हरवलेल्या वस्तू कार्यालयांत धूळ खात बसले, अनोळखी लोकांच्या घरी जाऊन त्यांचे खण उपसले. (जिला शाळेतून दोन्ही बूट घालून घरी येणं जमलं नाही, ती हरवण्यावर पुस्तक लिहिते, यावर तू पोट धरून हसलीस तेही लक्षात आहे.) विद्यापीठातल्या चार लोकांनी मान डोलावली, पण ते तर एकमेकांच्या पुस्तकांवर डोलावतातच. मला सलत होतं ते ते दार. माझ्या माणसांपैकी एकाला तरी कळावं की ही बया इतकी वर्षं करत काय होती, एवढीच माझी हाव. आणि सामान्य वाचक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दुसरं कुणी येत नाही, तूच येतेस, पदर खोचून आणि भुवया चढवून.

तर झालं असं, की इथल्या वाचनालयानं विद्वानांना बोलावून 'आपलं नवं पुस्तक साध्या माणसांना साध्या भाषेत सांगा' असा कार्यक्रम ठेवला. प्रकाशकानं मला बजावलंच होतं, लोकांना रुचलं तर दुसरी आवृत्ती, नाहीतर गोदाम. मी घरी तालीम केली. ह्यांना समोर बसवून सगळं भाषण वाचून दाखवलं. ह्यांनी डोळे मिटून अगदी एकाग्रतेनं ऐकलं आणि शेवटी विचारलं, 'छान आहे, पण यात वस्तू कुठे आहेत?' मी रुसले, आणि मग गुपचूप तीन शब्द सोपे केले.

पण खरा घोटाळा ग्रंथपालबाईंनी केला. (बाई गुणी आहेत, हेतू चांगला होता, म्हणूनच जास्त घोटाळा झाला.) पुस्तकाचं नाव 'अनुपस्थित वस्तूंचे अवकाशीय संवर्धन'. हे वाचून कुत्रंही फिरकणार नाही असं त्यांना वाटलं, आणि ते काही चूक नव्हतं. म्हणून त्यांनी दारावरच्या फलकावर स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'हरवलेल्या वस्तूंच्या तज्ज्ञ आज आपल्या भेटीला. शंका जरूर विचारा.' झालं! संध्याकाळी पाहते तो सभागृह खच्चून भरलेलं. मी मनातून अशी फुलले, की विचारू नकोस.

माझ्या आधी आमचे एक सहकारी बोलायचे होते. आम्ही त्यांना पाठीमागे तळटीप म्हणतो, कारण त्यांचं मूळ वाक्य कधी संपतच नाही, खाली नुसत्या टिपा वाढत जातात. त्यांचं पुस्तक वजनमापांच्या इतिहासावर. 'याकडे आपण पुढे वळूच' असं ते दर दोन मिनिटांनी म्हणत होते आणि वळत मात्र कुठेच नव्हते. त्यांनी आपली वेळ खाल्ली, मग माझीही बरीचशी खाल्ली, आणि बसताना 'थोडक्यात आवरतो' म्हणाले. गंमत अशी की लोक हलले नाहीत. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी उभी राहिले, कागद उघडला, पहिलं वाक्य वाचलं, आणि पुढच्या रांगेतल्या एका आजींनी हात वर केला. त्यांचं कानातलं हरवलं होतं, न्हाणीघरात की जिन्यात ते आठवत नव्हतं. मी कुठे शोधायला सांगते? मागून एकानं किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवला, त्यातली एक नाही म्हणे. एका बाईंनी तर मांजराचा फोटोच आणला होता. आत्या, मला दरदरून घाम फुटला. मी ग्रंथपालबाईंकडे पाहिलं, त्यांनी छताकडे पाहिलं. मी म्हणाले, अहो, मी वस्तू शोधून देत नाही, मी त्यांच्या हरवण्याचा अभ्यास करते. कुणीतरी 'म्हणजे उपयोग काय?' असं अगदी हळू म्हणालं, आणि मला तुझाच आवाज वाटला.

इतक्यात एक म्हातारे गृहस्थ उठले. त्यांनी पिशवीतून एक चप्पल काढली. एकच. दुसरी कुठल्याशा समारंभात गेली, त्याला किती वर्षं झाली ते त्यांनाही आठवेना. मी सहज विचारलं, मग ही अजून का ठेवलीत? ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले, जणू मीच खुळी. म्हणाले, 'आणि दुसरी आली तर?'

अगं, हेच तर माझं चौथं प्रकरण! माणसं हरवलेल्या वस्तूची जागा मोडत नाहीत, ती येईल म्हणून राखून ठेवतात. हे सांगायला मी साठ पानं घेतली आणि एकालाही कळलं नाही. मी कागद मिटला, आणि तोंडातून तुझी गोष्ट निघाली. काय सांगितलं ते कुणी तिखटमीठ लावून तुला कळवण्याआधी मीच कबूल करते. काका छत्री विसरून आले तेव्हा तू त्यांना उभं आडवं झापलंस ते सांगितलं. (लोक खूप हसले. तुझी नक्कल मला बरी जमते.) मग सांगितलं, की काका गेले तरी दाराजवळच्या त्यांच्या छत्रीच्या खुंटीला तू कुणाला काही अडकवू देत नाहीस. पाहुण्यानं पिशवी लावली तर निमूटपणे काढून खुर्चीवर ठेवतेस, आणि विचारलं तर म्हणतेस, 'छत्री यायची आहे.' इथे सभागृहात कुणी हसलं नाही. आजींनी डोळे पुसले, तळटीपसुद्धा गप्प होते. विकायला ठेवलेली पुस्तकं संपली, प्रकाशकाचा चेहरा तू पाहायला हवा होतास.

रागावू नकोस. तुझ्या घरातलं मी चारचौघांत सांगितलं, पण फार मायेनं सांगितलं.

तुझी,
वेंधळी

ता. क. पत्राचं खरं कारण राहूनच गेलं. वाचनालयाला पुढच्या महिन्यात पुन्हा कार्यक्रम हवा आहे आणि लोकांना 'त्या खुंटीवाल्या आत्या' बघायच्या आहेत. मी तुला न विचारता हो म्हणून बसले आहे.

आणखी एक. तेव्हापासून लोक त्यांना सापडलेल्या छत्र्या माझ्या विद्यापीठातल्या खोलीत आणून टाकतात. मी सगळ्या उघडून पाहिल्या. एक अगदी काकांच्या छत्रीसारखी होती, पण मुठीला तू बांधलेला निळा दोरा नव्हता. तीच गुपचूप खुंटीला लावावी असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? नाही लावणार. पहिल्या रांगेतली एक खुर्ची मात्र मी तुझ्यासाठी अडवून ठेवणार आहे. तू आली नाहीस तरी ती कुणाला देणार नाही, माणूस यायचं आहे म्हणून सांगेन.

आणि येताना ते पुस्तक तेवढं घेऊन ये. माझी प्रत कुठे सापडत नाहीये. दाराला तोवर काय लावायचं ते तू बघ.