खाऊच्या पाळीतून नाव पुसले गेल्याबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
मुलींचा फुटबॉल विभाग, मैदान कार्यालय.

विषय : सामन्याच्या दिवशीच्या पौष्टिक खाऊच्या पाळीतून माझे नाव वारंवार पुसले जात असल्याची चौकशी होणेबाबत.

संदर्भ : १) आपले परिपत्रक, 'तळलेले व रंगीत काही आणू नये'. २) माझे यापूर्वीचे दोन अर्ज (उत्तर नाही, का नाही, हेही संशयास्पद).

महोदय,

मी खाली सही करणार, औषधांच्या कारखान्यात बाटल्यांचा तपासनीस, विनंतीपूर्वक कळवतो की,

१. माझी मुलगी बारा वर्षांखालील संघाची गोलरक्षक आहे. ती आईकडे राहते. आपल्या नियमानुसार पाळी नसलेल्या पालकास फाटकाच्या आत सोडत नाहीत, म्हणजे माझी पाळी असेल त्याच रविवारी मला लेक भेटते. गेल्या तिन्ही पाळ्यांना फळ्यावर खडूने लिहिलेले माझे नाव शनिवारी होते आणि रविवारी सकाळी नव्हते. पहारेकऱ्याने मला डब्यासकट परत पाठवले.

२. माझ्या खाऊत खोट काढायला जागा नाही. उकडलेले हरभरे, केळी, संत्री, उकळून गार केलेले पाणी. अंडी मी आधी पाण्यात सोडून पारखतो. तरंगले ते बाद. परिपत्रक अक्षरशः पाळणारा मी एकटाच, त्यामुळे कुणाच्या तरी डोळ्यांत खुपतो आहे.

३. संशयित पुढीलप्रमाणे : (अ) 'बिस्किटकाका'. माझे नाव गेले की आयत्या वेळी पुतणीच्या संघासाठी क्रीमच्या बिस्किटांचा खोका घेऊन हेच हजर. आयत्या वेळी खोका येतो कुठून? (आ) प्रशिक्षक. माझी केळी "छान, छान" म्हणत दोन-दोन खातात, पण फळ्याचा विषय काढला की शिट्टी वाजवतात. पाणी कुठेतरी मुरते आहे. (इ) मुलीची आई. पुरावा नाही, पण पुरावा मागे ठेवणे तिच्या स्वभावातच नाही.

४. तरी फळ्यावर पहारा बसवावा, संशयित 'अ' यांची बोटे खडूसाठी तपासावीत, व माझे नाव ऑइलपेंटने लिहावे.

५. इथवरचा मजकूर शुक्रवारी टंकलेखकाकडून करून घेतला. पुढचे हाताने लिहीत आहे. वरचे खोडले असते, पण खाडाखोड असलेला अर्ज आपले लिपिक घेत नाहीत.

परवा, शनिवारी संध्याकाळी सराव सुटल्यावर मी फाटकाबाहेर जाळीशी दबा धरून बसलो. सगळे गेल्यावर माझी मुलगी एकटी परत आली. तिने बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवला आणि माझे नाव पुसले. नीट पुसले, काना-मात्रेसकट. तपासनीसाची लेक आहे.

मी हाक मारली. ती पळाली नाही. जाळीपलीकडून म्हणाली, बाबा, तुम्ही हातात संत्रं देता आणि विचारता, घरी कोण आलं होतं, आई फोनवर कुणाशी बोलत होती. मग मला खाववतच नाही. दुसऱ्या हाफला पोटात कावळे ओरडतात.

मला फार वाईट वाटले. नाव पुसले जाऊ लागण्याआधीच्या माझ्या शेवटच्या पाळीला तिच्यावर चार गोल झाले होते, तेव्हा मी पंचांवर संशय घेतला होता. तो अर्ज आपल्या दप्तरी असेलच.

६. सबब चौकशी थांबवावी. संशयित अ, आ, इ यांना यातले काही कळू देऊ नये. काल रविवारी मी मैदानाकडे फिरकलो नाही. यापुढे माझ्या पाळीला डबा फाटकावर ठेवून परत जाण्याची परवानगी मिळावी. तिने खाल्ले, एवढे मात्र मला कुणीतरी कळवावे. कुणी कळवले, ते मी विचारणार नाही.

तसदीबद्दल दिलगीर,
(सही)
गोलरक्षक मुलीचे वडील
दिनांक : सोमवार, सकाळ

सोबत : मुलीला विचारायच्या प्रश्नांची वही, पाने चाळीस. जमा करून घ्यावी. मी परत मागायला आलो तरी देऊ नये.