टाइमआउटची टेस्ट हिरवी केली

मये, मंगळवार संध्याकाळ

आजही टेस्ट लालच, म्हणजे नापास. रुग्णवाहिका बोलवायची आमची जावा भाषेतली सेवा वेळेत उत्तर आलं नाही की टाइमआउट देते, म्हणजे विनंती फसली असं दाखवते, इथवर ठीक. पण गाडी पाठवायचं मागे सुरू झालेलं काम थांबतच नाही. घाबरलेला माणूस पुन्हा बटण दाबतो आणि एकाच घरी दोन गाड्या निघतात. मग लांबच्या लाटंबार्से गावातल्या एखाद्या रुग्णाने कुठल्या गाडीची वाट बघायची? काम रद्द करायचा कोड घातला, तरी लालच.

टीम लीड फोनवर म्हणाले, "टाइमआउटची वेळ वाढव, काम त्याआधीच संपेल आणि टेस्ट हिरवी होईल. उद्या रिलीज आहे."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाय, जेव गो, हुमण निवलें."

गार झालेल्या माशाच्या कालवणाशी जेवले. वेळ वाढवली. टेस्ट हिरवी झाली, लीडनी अंगठा पाठवला. चूक आत तशीच आहे. आता कोणाला सांगू?