काकूंचा होकार

३ जून
नोकरीवर रुजू झाले एकदाची. प्रयोगशाळा सरांच्या घरातच, वरच्या मजल्यावर आहे. माझं टेबल खिडकीपाशी. जिन्याजवळच्या काचेच्या कपाटात सरांची सगळी कारकीर्द मांडलेली: हृदयाला ठोके देणारी ओबडधोबड डबी, बहिऱ्यांसाठी कानातलं यंत्र. शेवटचं यंत्र मात्र काकूंच्या उशाशी असतं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. अर्धांगवायूच्या झटक्यात हातपाय गेले, वाचाही गेली. सरांनी त्यांच्या मेंदूत तारा बसवून घेतल्या. त्यातले संकेत वाचून ही पेटी काकूंच्या जुन्या आवाजात बोलते. मला पाहून म्हणाल्या, पोरगी फार बारीक आहे, आधी जेवायला घाला. मी तिथेच विरघळले.

१० जून
माझं काम गाळणीचं. संकेतांतला गोंगाट गाळायचा, आणि अर्धवट वाक्य पेटीने अंदाजाने पुरं करायचं. अंदाज वाढवत नेला. काकू आता अशा गोड बोलतात की मुंग्या साखर सोडून त्यांच्याकडे याव्यात. चाचणीसाठी सरांनी माझाही आवाज पेटीत भरला. माझ्या हाताला गुण आहे म्हणाले. आईला लगेच फोन केला.

१९ जून
काकूंच्या मेंदूत आणखी तारा घालायच्या आहेत. आज डॉक्टरांसमोर काकूंची संमती घेतली. सरांनी विचारलं, आणि पेटी म्हणाली, हो, चालेल, तुम्ही आहात ना. डॉक्टरांनी चष्मा पुसला. सगळे खाली गेल्यावर मी आवरायला घेतलं, तर काकूंकडून येणारी तार पेटीला लावलेलीच नव्हती. सकाळी पुसायला मीच काढली होती.
मग होकार दिला कोणी?

२० जून
सांगायला गेले. सर काकूंचे केस विंचरत होते. तशीच मागे फिरले. त्यांची दया आली असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले.
दुपारी तार लावली. गाळणी बंद, अंदाज बंद. आधी नुसती खरखर. मग एकच शब्द. नको. नको. नको.
पहिल्या दिवसाच्या संकेतांचं ध्वनिमुद्रणही तसंच, न गाळता ऐकलं. 'जेवायला घाला'च्या खाली — तेच. गोंगाट म्हणून मी रोज तेच गाळत होते.

२१ जून
सांगितलं. सर म्हणाले, ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण घरात तिचा आवाज तरी असतो. मग गाळणी लावायला सांगितली, अगदी मायेने.
मी लावली. काकू माझ्याकडे बघत होत्या. मान वर करवली नाही.

२२ जून
काकू शस्त्रक्रियेतच गेल्या. सर मात्र पेटी घेऊन — तार मोकळी लोंबतेय, आणि पेटी विचारतेय पोरगी जेवली का —
माझ्यामुळे. एक शब्द डॉक्टरांना सांगितला असता तर

२३ जून
सर दारात. हातात उरलेल्या तारा. तुझ्यावर बसवून बघू का, विचारताहेत. नको म्हणायचंय — तोंड उघडायच्या आत
पेटी बोलली. माझ्या आवाजात. हो, चालेल, तुम्ही आ