मारुतीची काच

ता. ३ नोव्हेंबर १९४४

मी, आबाजी बिन सखोजी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा शेती, मराठी चौथी इयत्ता उत्तीर्ण, रा. कुंडलजवळील वाडी, जिल्हा सातारा, पूर्ण शुद्धीवर राहून लिहितो की, प्रौढांच्या साक्षरता वर्गास शिक्षक म्हणून माझे नाव सुचविण्यात आले आहे. मंजुरी अद्याप नाही. तपासणीचे साहेब येतील, त्यांच्यासमोर शिकणारे पडद्यावरील शब्द मोठ्याने वाचतील, तरच नेमणूक. या वयात उमेदवारी! असो.

कडेगावाहून बैलगाडीने चित्रांचा कंदील आला. एवढ्याशा काचेवरील चित्र, खाली त्याचे नाव लिहिलेले, पडद्यावर म्हशीएवढे दिसते. आमच्या वेळी धूळपाटी आणि छडी, इतकीच सामग्री होती.

ता. ७

मारुतीच्या देवळात माझे धोतर पडदा म्हणून बांधले. गर्दी लोटली. पाट्या वाटताच पुरुष मंडळी तंबाखू मळत उठली. दादू पैलवान म्हणाला, “आवं तात्या, चित्रं दावा की. अक्षरं काय पळून जात्यात व्हय?”

“अक्षरे नाही पळत. तुम्ही पळता.”

हशा झाला. मला हसू आले नाही. रॉकेल मिळण्याची मारामार, आणि ते यांच्या करमणुकीसाठी जाळावयाचे. कंदिलाने डोळे ओढले जातात. मन ओढावयास कोणते यंत्र…

ता. १२

पुरुष जवळजवळ गळाले. बायका मात्र येतात. त्यांत शेजारच्या बाळूची बायको सोनाबाई सर्वांत तल्लख. बाळू पलटणीत, ब्रह्मदेशाच्या लढाईवर. तिला विचारले, शिकावयाचे कशासाठी? म्हणाली, “पत्र आलं की दुसऱ्याकडनं वाचून घ्यावं लागतं. सगळी आळी ऐकती. माझं मला वाचायचं हाय.”

असा हेतू असला म्हणजे छडी नको की कंदील नको. बरे वाटले. परंतु आज विरस झाला. कमळ वाचले, घर वाचले. मारुतीची काच लावताच सर्वांनी हात जोडले. सोनाबाई ‘म’ म्हणाली आणि थांबली.

“पुढे?”

“द्येव.”

“कोणता देव?”

“ह्योच. ज्येच्या देवळात बसलोय.”

बायका पदरात हसल्या. माझी थट्टा चालली आहे असे समजून मी तिला उभे केले.

ता. १३

सकाळीच हौसाक्का, सोनाबाईची चुलतसासू, दारात. “तात्या, आमच्या बाळूचं पाळण्यातलं नाव काय, आठवतंय का?”

आठवले. त्याच्या बारशास मी हजर होतो. मारुती.

“मालक तिकडं गोळ्यांत उभा, आन् तुमी हितं तिच्या तोंडनं नाव वदवताय. आयुक्ष कमी हुतं, म्हाईत न्हाई व्हय?”

माहीत आहे. आमचे कुटुंब वारले, त्यांच्या तोंडून माझे नाव मी जन्मात ऐकले नाही. तरीही सुचले नाही.

सोनाबाईस विचारले. “वाचाया येतं की, तात्या. डोळ्यांनी वाचती. तोंडानं कशापायी?”

आम्हास वाचन म्हणजे कोपऱ्यातल्या गुरुजींस ऐकू जाईल असा आवाज. डोळ्यांनी वाचणे चौथीपर्यंत शिकविले गेले नाही.

ती काच बाजूस ठेवावी काय? नाही. काचा जशा आल्या तशाच साहेबांसमोर जातील. लबाडीने मिळालेली गुरुजीपदवी मला नको. चीड मात्र येते. कोणावर, ते…

ता. १९

साहेब आले. सोनाबाईच्या पाळीस नेमकी मारुतीची काच. ती गप्प.

“येत नाही?” साहेब म्हणाले.

“येते, साहेब. बोलणार नाही,” मी म्हणालो.

“मग मी काय समजावे?”

तिने पाटी ओढली, लिहिले, आणि खाली मान घालून पुढे धरली. साहेबांनी चष्मा सारखा केला. “हे पडद्यावरून उतरवले. पण पुढे काय लिहिले आहे? ते तर काचेवर नाही.”

“तिच्या सासऱ्यांचे नाव, साहेब. मग आडनाव. पत्राखाली असते तसे.”

साहेबांनी पाटी तिच्या हाती परत दिली. मग म्हणाले, “नियमात मोठ्याने वाचणे आहे. वरून कळवू.” आणि निघाले.

हौसाक्का ओले फडके घेऊन पाट्या पुसू लागल्या. सोनाबाईने आपली उराशी धरली. “ही पुसायची न्हाई.”

पाट्या सरकारी. सर्व स्वच्छ करून परत देण्याची जबाबदारी माझी. मी म्हणालो, “घरी ने. पदराखालून ने, दंव पडते आहे.”

दादू म्हणाला, “तात्या, मलाबी एक पाटी द्या.” उद्या पाहू, म्हटले. उद्या वर्ग आहे की नाही, हे मलाच ठाऊक नाही.

पाटी घरी दिली तेव्हा समक्ष हजर: हौसाक्का; दादू पैलवान, जो चित्रांसाठी आला होता व शेवटपर्यंत बसला. साहेब तोवर गेले होते. त्यांना साक्षीस धरलेले नाही.